टँगोमधली हुरहूर वाजवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: व्हायोलिन, पेटी, की-बोर्ड आणि बेस गिटार असा चौघांचा संच आहे, अधूनमधून गायला एक गायिका असते. ‘पोर उना काबेसा’ आणि ‘वोल्वेर’ हे दोन टँगो (अर्जेंटिनातल्या नाच-गाण्याच्या रचना) बसवले आहेत. सूर चुकत नाहीत, ताल सुटत नाही, तरी टँगोत जुन्या दिवसांची जी ओढ जाणवते ती काही येत नाही. मग लय उतरवली, व्हायोलिनचा कंप वाढवला, तर सगळ्याचं रडगाणं झालं. ही ओढ येते कुठून आणि आणायची कशी?

लय उतरवल्यावर रडगाणं झालं, यातच अर्धं उत्तर आहे. टँगोत ठेका कशासाठीही थांबत नाही. मागे रेंगाळते ती चाल. निरोप घेऊन निघालेल्या माणसाचे पाय पुढे पडत असतात आणि मान मात्र मागे वळलेली असते, तसं काहीसं. दोन्ही एकदम मंद केले की तो ताणच संपतो. उरतो नुसता उदास माणूस. म्हणून पहिलं काम लय परत चढवण्याचं. नाचासाठी वाजणाऱ्या जुन्या टँगोंची लय मिनिटाला साधारण 110 ते 130 ठोके असते (चार मात्रांच्या आवर्तनात मात्रेला एक ठोका धरून). तुम्ही 118 ते 120 वर मेट्रोनोम लावा आणि सुरुवातीचे काही दिवस त्याच्या खाली उतरूच नका.

आता ठेका. टँगोच्या पारंपरिक वाद्यवृंदात ड्रम नसतो. चाळीसच्या दशकातल्या ‘ओर्केस्ता तिपिका’त साधारण चार बांदोनेऑन (हातात धरून वाजवायचं भात्याचं वाद्य), चार व्हायोलिन, एक पियानो आणि एक डबल बास असायचा, ताल धरायचं काम सगळे मिळून करत. त्यामुळे की-बोर्डमध्ये ‘टँगो’ नावाचा जो तयार ऱ्हिदम असतो तो आधी बंद करा. तो युरोपातल्या बॉलरूम स्पर्धांचा ठेका आहे, त्यातल्या स्नेअर ड्रमच्या गडगडाटाने चालीला रेंगाळायला जागाच उरत नाही. त्याऐवजी की-बोर्डचा डावा हात आणि बेस गिटार यांनी ‘मार्कातो’ धरायचा: मात्रेला एक असे चार ठोके, पहिला आणि तिसरा थोडा जड, दुसरा आणि चौथा हलका. प्रत्येक ठोका मात्रेच्या निम्म्याहून जास्त लांबू द्यायचा नाही, पुढे शांतता. बेस गिटारवर उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून वाजवलं की तो तुटक, भरीव आवाज मिळतो. की-बोर्डवर सस्टेन पेडलला पाय लावू नका. पेडलने ठोके एकमेकांत मिसळले की मार्कातो मेला.

पण नुसता तुटक ठोका लष्करी कवायतीसारखा वाजतो. त्याला जीव देतो तो ‘आर्रास्त्रे’, म्हणजे ओढत आणणं. चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात खालच्या स्वरांवरून घसरत, आवाज वाढवत पहिल्या मात्रेवर आदळायचं. डबल बासवर हे गजाने होतं. बेस गिटारवर दोन-तीन पडदे खालून बोट सरकवा, आणि सरकताना आवाज चढता ठेवा. की-बोर्डवर डाव्या हाताने तीन-चार लगतच्या पट्ट्या पुसून नेल्यासारख्या वाजवून पहिल्या ठोक्यावर या. पियानोवादक ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या वाद्यवृंदाच्या 1946 च्या ‘ला युम्बा’मध्ये हा प्रकार इतका ठसठशीत आहे की त्यापुढे वेगळं समजावण्याची गरज उरत नाही. एक सावधगिरी: आर्रास्त्रे प्रत्येक आवर्तनाला घेतला तर तो सवयीचा होतो. चार आवर्तनांतून एकदा, आणि चालीची ओळ जिथे नव्याने सुरू होते तिथे नक्की.

आता मूळ मुद्दा, चाल मागे कशी ठेवायची. याला टँगोवाले ‘फ्रासेओ’ म्हणतात. स्वरलिपीत आठ सरळ, समान स्वर लिहिलेले असतात. तसे कोणीच वाजवत नाही. ओळ सुरू करायची ती समेनंतर, साधारण अर्ध्या मात्रेने. मधला जो सर्वांत वरचा किंवा सर्वांत दुखरा स्वर असेल तो लिहिल्यापेक्षा जवळजवळ दीडपट धरायचा. त्यामुळे जे उशिरा झालं ते पुढच्या तीन-चार स्वरांना घाईने, बोलल्यासारखं एकामागून एक टाकून भरून काढायचं, आणि ओळीचा शेवटचा स्वर ठेक्याबरोबर बरोब्बर टेकवायचा. उधारी त्याच ओळीत फेडायची, पुढच्या ओळीवर न्यायची नाही. आपल्या लयकारीत सम होऊन गेल्यावर ती दाखवण्याला ‘अतीत’ म्हणतात, आणि होऊन गेलेल्या काळालाही आपण तोच शब्द वापरतो. टँगोची अख्खी कला या एका शब्दात बसते असं मला वाटतं.

हे हाताला बसवायचा मार्ग असा. आधी चौघांनी मिळून फक्त मार्कातो दहा मिनिटं वाजवायचा, चाल नाही. मग व्हायोलिनवाल्याने चार आवर्तनांची एकच ओळ घ्यायची आणि ती तोंडाने बोलायची. गायची नाही, कोणाला काही सांगतो आहोत तशी बोलायची. बोलताना कुठे थांबलो, कुठे घाई झाली ते लक्षात ठेवून तशीच वाद्यावर उतरवायची. सोबतच्यांसाठी नियम एकच: चाल मागे पडली तर तिची वाट पाहायची नाही. साथ करणाऱ्याला आपल्याकडे मुख्य कलाकाराला सांभाळून घ्यायची सवय असते, आणि ती चांगली सवय आहे. इथे मात्र तीच घात करते. ठेका थांबला की चालीचं मागे राहणं कोणाला कळतच नाही. तालमीचं रेकॉर्डिंग करून नुसता बेस ऐका. बेस गिटार जर चालीबरोबर हेलकावे खात असेल तर दोष व्हायोलिनचा नाही.

व्हायोलिनसाठी आणखी दोन गोष्टी. पहिली मींडेची. आपली मींड स्वराच्या सुरुवातीलाच सुरू होते, संथ वळण घेत जाते आणि वाटेतल्या श्रुती दाखवते. टँगोतली सरक आखूड असते आणि उशिरा येते: आधीचा स्वर जवळजवळ पूर्ण धरायचा आणि अगदी शेवटी, चटकन, पुढच्या स्वरावर जायचं. सुरुवातीपासून सरकत गेलं की सारंगीचा भास होतो. सुंदर वाजतं, पण ते गाव वेगळं. दुसरी गोष्ट, रेंगाळणाऱ्या ओळी शक्य तितक्या जाड तारेवर, वरच्या जागांवर वाजवा. तोच स्वर पातळ तारेवर मोकळा आणि उजळ लागतो, जाड तारेवर घशात अडकल्यासारखा. कंप अरुंद ठेवा, लांब स्वराच्या उत्तरार्धातच सुरू करा. रुंद कंप पहिल्यापासून लावला की तिथेच रडगाणं सुरू होतं.

पेटीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण टँगोचा आवाज म्हणजे बांदोनेऑन, आणि तुमच्या संचात त्याला सर्वांत जवळचं वाद्य पेटीच आहे. बांदोनेऑन मूळचा जर्मन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्रेफेल्डच्या हाइनरिश बांड यांच्या नावावरून त्याला नाव मिळालं, आणि अर्जेंटिनात सर्वांत नावाजली ती सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्डची, आल्फ्रेड आर्नोल्ड यांच्या कारखान्यातली वाद्यं, ज्यांच्यावर ‘आआ’ अशी खूण असे. प्रचलित नमुन्यात 71 बटणं असतात, उजवीकडे 38 आणि डावीकडे 33, आणि बहुतेक बटणं भाता उघडताना एक स्वर देतात, मिटताना दुसरा. म्हणजे एकूण 142 स्वर. पुष्कळ वादक महत्त्वाच्या ओळी भाता उघडतच वाजवतात आणि मग अंगठ्याखालची हवेची झडप दाबून तो पटकन मिटतात. त्या मिटण्याच्या क्षणी आवाज नसतो. ओळीओळींमध्ये वाद्य श्वास घेतं असं जे वाटतं ते यामुळे.

पेटीचा भाता असा नाही. बाहेरचा भाता आतल्या भात्यात हवा भरतो आणि आतल्या स्प्रिंगा दाब जवळपास सारखा ठेवतात. म्हणून पेटीचा सूर अखंड आणि शांत. टँगोसाठी हाच गुण आड येतो. उपाय आहेत. आतला भाता भरलेला ठेवा: तो पूर्ण फुगलेला असताना बाहेरून दिलेला छोटा झटका थेट सुरीवर (आवाज देणाऱ्या धातूच्या पातळ पट्टीवर) येतो आणि ठोका मिळतो. ओळ संपताना भाता मारणं थांबवा, आवाज आपोआप उतरू द्या, आणि पुढची ओळ सुरू करण्याआधी सगळी बोटं उचला. ही पाव मात्रेची शांतता पेटीवाल्यांना फार जड जाते, कारण आयुष्यभर गायकाच्या मागे सूर भरत राहण्याची सवय असते. पण तिच्याशिवाय टँगोतली ओळ बोलत नाही. बांदोनेऑनमध्ये प्रत्येक स्वराला अष्टकाच्या अंतरावरच्या दोन सुऱ्या असतात, एकमेकींत न थरथरणाऱ्या. तेव्हा तुमच्या पेटीत खर्ज आणि नर अशा दोनच ओळी उघडा. तिसरी सूरओळ जर थोडी सरकवून लावलेली असेल तर ती बंद, आणि कंपाची खुंटी तर बंदच. अकॉर्डियन मिळाला तरी नियम तोच: पॅरिसच्या कॅफेतला लहरणारा आवाज देणारी पट्टी नको, ‘बांदोनेऑन’ लिहिलेली पट्टी हवी.

सुरावटीतली एक युक्ती ओळखून ठेवा. कित्येक टँगोंत दोन भाग असतात आणि षड्ज तोच राहून भागागणिक गांधार बदलतो. ‘पोर उना काबेसा’त (1935) कडवं शुद्ध गांधाराचं, उघडं, जवळजवळ फुशारकीचं, धृपदात एकदम गांधार कोमल होतो आणि चाल झेप घेते. ‘सेंट ऑफ अ वुमन’ या चित्रपटामुळे ही चाल आपल्याकडे पुष्कळांच्या कानात आहे. ‘कामिनितो’त (1926) उलट: जुन्या पायवाटेला हाक मारणारा पहिला भाग कोमल गांधाराचा, आणि ‘ती गेली तेव्हापासून मी दुःखी आहे’ अशा अर्थाचे शब्द येतात तेव्हा गांधार शुद्ध होतो. दुःखाचे शब्द उजळ सुरात. तिथे चेहरा पाडून वाजवू नका, हलकं आणि सरळ वाजवा. आठवण रम्य असते म्हणूनच ती छळते, आणि रचनाकार हुआन दे दिओस फिलिबेर्तो यांनी ते सुरात करून ठेवलं आहे. आपण त्यात भर घालायची नसते.

आता ओढ कशाची, हे गायिकेसाठी आणि खरं तर चौघांसाठीही. 1869 मध्ये ब्युनोस आयर्सची वस्ती दोन लाखांच्या आत होती. 1914 च्या जनगणनेत ती पंधरा लाखांच्या वर गेली आणि त्यातले जवळपास निम्मे लोक परदेशात जन्मलेले होते. मुख्यतः इटली आणि स्पेनमधून आलेले, बरेचसे एकटे पुरुष, ‘कोन्वेन्तिजो’ म्हणतात तशा चाळींत एकेका खोलीत कितीतरी जण. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या किंवा ऐकल्या आहेत त्यांना हे चित्र उभं करायला वेळ लागणार नाही. फरक एवढाच की गिरणगावातला चाकरमानी शिमग्या-गणपतीला गावी जाऊ शकत होता. जिनोव्हाहून आलेल्या पुष्कळांना असं सणावारी समुद्र ओलांडून जाणं शक्य नव्हतं.

सुरुवातीचे टँगो बहुतेक नुसते वाजवायचे किंवा चटोर, फुशारकीच्या शब्दांचे. 1917 मध्ये टँगोचे प्रसिद्ध गायक कार्लोस गार्देल यांनी ‘मी नोचे त्रिस्ते’ गायलं, ज्याला पास्क्वाल कोन्तुर्सी यांनी सामुएल कास्त्रिओता यांच्या ‘लिता’ या चालीवर शब्द लिहिले होते, आणि तिथून टँगोगीत सोडून गेलेल्यांचं आणि गमावलेल्यांचं झालं. त्यात बाई सोडून गेली एवढं सांगून कवी थांबत नाही. खोलीतला आरसा, दिवा, कपाटात टांगलेली गिटार अशा वस्तू एकेक करून दाखवतो. पुढच्या नऊ वर्षांतच, 1926 मध्ये, फ्रान्सिस्को कानारो आणि मानुएल रोमेरो यांचं ‘तिएम्पोस बिएखोस’ आलं, ‘ते दिवस आठवतात का रे’ असं विचारणारं. टँगोगीत अजून मिसरूड फुटायच्या वयात होतं आणि जुने दिवस आठवत होतं! म्हणजे टँगो म्हातारा झाला म्हणून हळवा झाला, हा समज चुकीचा आहे.

‘वोल्वेर’, म्हणजे परतणं, बसवताना एक गोष्ट सगळ्यांना माहीत असावी. चाल गार्देल यांची, शब्द आल्फ्रेदो ले पेरा यांचे, आणि ‘एल दिआ के मे किएरास’ या 1935 च्या चित्रपटासाठी ते न्यूयॉर्कमध्ये केलं गेलं. दूरवर लुकलुकणारे दिवे पाहून परतणाऱ्या माणसाचं हे गाणं. वीस वर्षं म्हणजे काहीच नाही, असं तो स्वतःला समजावतो. गार्देल 1933 च्या अखेरीस ब्युनोस आयर्स सोडून गेले होते. 24 जून 1935 रोजी कोलंबियात मेदेयिनच्या विमानतळावर झालेल्या अपघातात ते आणि ले पेरा दोघेही गेले. परत आला तो देह, 1936 मध्ये. हे गाणं गाताना मुद्दाम दुःख आणायची गरज नाही. ‘वीस वर्षं म्हणजे काहीच नाही’ ही ओळ ताडकन, जवळजवळ बेफिकीरपणे टाकली की ती खोटी असल्याचं ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. तीच ओळ आवंढा गिळत म्हटली तर संपलं.

शब्दांतला भूतकाळ पत्त्यासकट येतो, हे टँगोचं मोठं बळ. कवी ओमेरो मान्सी यांचं ‘सूर’ (म्हणजे दक्षिण; 1948, संगीत आनिबाल त्रोइलो, पहिल्या ध्वनिमुद्रिकेत आवाज एदमुन्दो रिवेरो) सान हुआन आणि बोएदो या दोन रस्त्यांच्या नाक्यापासून सुरू होतं. मग लोहाराचा कोपरा, चिखल, पोंपेया वस्ती आणि तिच्यापलीकडचं पुराचं पाणी, वाण्याच्या दुकानातला उजेड, दुकानाच्या काचेला टेकून वाट पाहत उभा असलेला तरुण. मान्सी यांचा जन्म सान्तिआगो देल एस्तेरो प्रांतातल्या अन्यातुजाचा. लहानपणी ते राजधानीत आले आणि पोंपेया भागातल्याच वसतिशाळेत शिकले. त्यामुळे ती वस्ती आणि तो चिखल त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. आणि सगळ्यांत घाव घालतो तो ‘आता कधीच नाही’ हा भविष्यकाळ. तू मला पूर्वी पाहायचीस तसं आता कधीच पाहणार नाहीस, असं तो म्हणतो. आठवण गेल्या काळाची, पण दार बंद होतंय ते पुढचं. गायिकेने नाक्याची, रस्त्यांची नावं ठळक, स्वच्छ उच्चारावीत आणि त्या ‘कधीच नाही’पाशी फ्रासेओ जास्तीत जास्त मागे न्यावा.

‘कामिनितो’ची वाट तर दोन ठिकाणी आहे: शब्द लिहिणारे गाबिनो कोरिआ पेन्यालोसा यांच्या मनात ला रिओखा प्रांतातल्या ओल्ता गावची पायवाट होती, फिलिबेर्तो यांच्या मनात त्यांच्या ला बोका वस्तीतली. आज पर्यटक ज्या रंगीत गल्लीत फोटो काढतात ती दुसरी.

उच्चारांचं एक. ब्युनोस आयर्सच्या स्पॅनिशमध्ये ‘काये’ (रस्ता) हा शब्द ‘काझे’ किंवा ‘काशे’ असा येतो, ‘यो’ (मी) हा ‘झो’ किंवा ‘शो’. जुन्या मुद्रिकांत मऊ झ ऐकू येतो. पाठ्यपुस्तकी माद्रिदचे उच्चार आणले की पत्ता चुकतो.

ऐकायला पुष्कळ आहे. सध्या तीनच पुरेत. ‘सूर’ त्रोइलो-रिवेरो यांचं, आणि नंतर तेच रोबेर्तो गोजेनेचे यांच्या उतारवयातल्या आवाजात. बोटाने मार्कातो टेबलावर वाजवत दोन्ही ऐका आणि गोजेनेचे प्रत्येक ओळ कितीने उशिरा टाकतात ते मोजा. आवाज जवळजवळ संपलेला आहे, आणि तरी एकही ओळ ठेक्याबाहेर पडत नाही. दुसरं कार्लोस दि सार्ली यांचं ‘बाइआ ब्लांका’ (1957). हे त्यांचं जन्मगाव. शब्द एकही नाही, पियानोचा डावा हात आणि व्हायोलिनची सरळ ओळ एवढ्यावर गाव उभं राहतं. तिसरं आस्तोर पिआसोला यांचं ‘आदिओस नोनिनो’, वडील गेल्यावर 1959 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिहिलेलं. त्यात टोकदार ताल आणि लांब, गाणारी चाल शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत. मात्र त्यांचा तो प्रसिद्ध 3-3-2 चा ठेका (आवर्तनातल्या आठ अर्ध्या मात्रांचे तीन, तीन आणि दोन असे गट) उचलून गार्देल यांच्या गाण्यांना लावू नका. त्या गाण्यांच्या चालीला सरळ चार ठोक्यांची जमीन लागते. आणखी एक तांत्रिक गोष्ट: मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या प्रती कधी चढ्या, कधी उतरत्या वेगाने उतरवलेल्या असतात. त्यांच्याबरोबर वाजवताना स्वर मधेच कुठेतरी अडकत असेल तर वाद्य पुन्हा लावत बसू नका, प्लेअरचा वेग सरकवा.

शेवट कसा करायचा, हे बहुतेक संच चुकवतात. टँगो दोन ठोक्यांवर संपतो, पंचमावरचा आणि मग षड्जावरचा. त्याला तिकडे ‘चान-चान’ म्हणतात. सवयीने दुसरा ठोका जोरात आणि लांब वाजवला जातो, टाळीसाठी. पहिला जोरात वाजवा. मग एक क्षण थांबा, आणि दुसरा अगदी हलका, बोट पट्टीवर टेकवून लगेच उचलल्यासारखा. की-बोर्ड आणि बेस दोघांनीच. व्हायोलिनने तोवर गज खाली घेतलेला असावा आणि पेटीचा भाता मिटलेला.